मोहरीएवढा छर्रा

घरोघरी आढळणाऱ्या हौशी मंडळींपैकी नाणी जमवणारे, निवडुंग वाढवणारे आणि जुने रेडिओ दुरुस्त करणारे यांची दखल आजवर पुष्कळांनी घेतली असली, तरी खिशात मावणारा घडीचा चाकू मिळवून त्याने काहीही न कापता तो केवळ खोलून पाहणारा जो एक वर्ग आहे, त्याच्याकडे अभ्यासकांचे म्हणावे तसे लक्ष गेलेले दिसत नाही. सोयीसाठी या वर्गास ‘खोलकर’ म्हणता येईल. हे आडनाव कोणाचे असल्यास त्यांनी मनास लावून घेऊ नये. खोलकर हा बहुधा कारखान्यातून निवृत्त झालेला अभियंता असतो, त्याचा चाकू परदेशस्थ मुलाने मोठ्या बॅगेच्या तळाशी घालून आणलेला असतो (हातातल्या सामानात चाकू नेऊ देत नाहीत), आणि मुलाचा प्रवासाचा शीण उतरण्यापूर्वीच त्या चाकूचे पाते मुठीपासून वेगळे झालेले असते.

चाकूंची प्रतवारी तो धारेवरून करीत नाही, सुट्या होणाऱ्या भागांवरून करतो. कार्ल एल्सनर यांनी १८९७ साली नोंदवलेला, जगभर नावाजलेला स्विस चाकू त्याच्या लेखी जवळजवळ बाद असतो, कारण त्याचे थर रिव्हेटांनी, म्हणजे टोके ठोकून पसरवलेल्या पितळी खिळ्यांनी, कायमचे जखडलेले असतात. त्यातून हाताने निघणारे नग दोनच, चिमटा आणि दातकोरणे, आणि त्यांतले दातकोरणे लवकरच हरवते. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात १८९० साली जन्मलेल्या ओपिनेल चाकूबद्दल त्याला माया असते, परंतु लाकडी मूठ, पाते, खिळा, आतले कडे आणि १९५५ साली आलेले फिरते कडे अशा पाचच भागांत तो संपत असल्यामुळे त्याकडे तो बालवाडीचे पुस्तक म्हणून पाहतो.

खोलकराचे खरे क्षेत्र म्हणजे स्क्रूंनी जोडलेला आधुनिक चाकू. पाते ज्या आसावर फिरते तो मुख्य स्क्रू, आसाच्या दोन्ही बाजूंस फॉस्फर-ब्राँझचे कागदासारखे पातळ वायसर, पाते उघडल्यावर जिथे अडते ती खुंटी, मुठीच्या दोन फळ्यांमध्ये अंतर राखणारे नळकांडीवजा खांब आणि खिशाला अडकवण्याच्या पट्टीचे दोनतीन बारीक स्क्रू असा हा सगळा संसार असतो. या स्क्रूंच्या डोक्यावर १९६७ साली अमेरिकेत निघालेली टॉर्क्स नावाची सहा टोकांची चांदणी असते, आणि ते सैल पडू नयेत म्हणून आट्यांना निळा चिकटद्रव लावलेला असतो. तो आधी केस वाळवण्याच्या यंत्राने ऊब देऊन मऊ करावा लागतो. तो धीर ज्याला नाही त्याच्या हातून चांदणीचा वाटोळा खड्डा होतो, आणि मग स्क्रूबरोबर मालकाचेही डोके फिरते.

सुटे भाग सांभाळण्याच्या पद्धतींबाबत खोलकरांत मतभेद आहेत. एक पंथ पुठ्ठ्यावर चाकूची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या मूळ जागी टोचून ठेवतो, आणि हा पंथ निःसंशय शहाणा आहे, कारण दिसायला जुळे असलेले दोन स्क्रू लांबीला अर्ध्या मिलिमीटरने वेगळे निघतात आणि आखुडाच्या जागी लांब गेला तर त्याचे टोक आत पात्याला घासते. दुसरा पंथ लोहचुंबक बसवलेल्या वाटीवर भरवसा ठेवतो. पितळ, ब्राँझ आणि टायटॅनियम यांना चुंबकाचे काडीचे सोयरसुतक नसते, हे त्याला वायसर उडाल्यानंतर आठवते. तिसरा पंथ प्रत्येक पायरीचे मोबाइलवर छायाचित्र घेतो, फक्त पहिले छायाचित्र तो तिसरा स्क्रू काढून झाल्यावर घेतो. यांपैकी काहीच हाताशी नसलेला खोलकर स्वयंपाकघरातील मिसळणाचा डबा मागून घेतो, आणि येथून प्रकरण कौटुंबिक होते.

कारण काही चाकूंत वायसरऐवजी छर्र्यांचे कडे असते. सायकलच्या दुकानात ज्यांना छर्रे म्हणतात त्यांचीच ही नातवंडे. व्यास दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे थेट मोहरीचा दाणा. असा एखादा छर्रा कड्यातून निसटला आणि जुन्या इमारतीच्या मोझेक फरशीवर पडला, की त्या फरशीतील काळे-पांढरे-तपकिरी खडे त्याला आपल्यात सामावून घेतात. मग घरात आणीबाणी लागू होते: पंखा बंद, केरसुणीला बंदी, कामवाल्या मावशींना उंबऱ्यावरूनच सुट्टी. खोलकर पालथा पडून विजेरी जमिनीशी समांतर धरतो, कारण तिरप्या उजेडात बारीकशा कणाचीही सावली लांब पडते, आणि या उपायाने छर्रा सापडो न सापडो, कपाटाखालून तीन वर्षांपूर्वीचा स्क्रू, एक टिकली आणि नातवाचा दुधाचा दात मात्र हमखास मिळतो.

तथापि हरवलेल्या भागापेक्षा उरलेला भाग त्याला अधिक छळतो. हरवल्याचा दोष फरशीवर ढकलता येतो; चाकू पूर्ण जुळून, सफाईने उघडमीट करीत असताना ताटलीत एक वायसर शिल्लक राहिला, तर दोष द्यायला घरात दुसरे कोणी नसते. अशा वेळी प्रामाणिक खोलकर सगळे पुन्हा खोलतो. व्यवहारी खोलकर तो वायसर ‘कारखान्याने जादा दिलेला’ असे लिहिलेल्या बरणीत टाकतो, आणि त्या बरणीत एव्हाना पाऊण चाकू तयार होईल इतका ऐवज जमलेला असतो.

छर्रा मिसळणाच्या डब्यात गेला असावा, हा संशय पुढे कित्येक दिवस प्रत्येक फोडणीच्या वेळी व्यक्त होतो, आणि जो दाणा तडतडत नाही त्याच्याकडे सारे कुटुंब रोखून पाहते. कड्यात एक छर्रा कमी असला तरी चाकू व्यवस्थित उघडतो आणि मिटतो. लिंबू चिरायला मात्र त्या घरात अजूनही विळीच काढतात.