हिंजवडीत इंटर्नशिप कशी मिळवावी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका बीई, बीसीए, एमसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर करणाऱ्या आणि ‘अख्खी हिंजवडी कंपन्यांनी भरलीय, तुला एक मिळेना?’ हे घरच्यांकडून ऐकून घेतलेल्या मुलामुलींसाठी आहे. ज्यांचे मामा एखाद्या कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट आहेत, त्यांनी वाचायचे कष्ट घेऊ नयेत. त्यांची इंटर्नशिप सुरू झालेली असते, फक्त अजून त्यांच्या कानावर घातलेली नसते.

सुरुवातीलाच ठरवा, अनुभव हवा आहे की प्रमाणपत्र? दोन्ही एकाच दुकानात मिळतात असा आपल्याकडे समज आहे. पुणे विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला इंटर्नशिप लावली आणि तिला क्रेडिट दिले. पुढे नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, आली आणि बाकीच्या शाखांनाही कंपनीचं दार ठोठावणं भाग पडलं. हेतू उत्तमच. पण एकाच उन्हाळ्यात हजारो पोरांना शिक्क्याचा कागद लागतो म्हटल्यावर कागद पुरवणारेही उभे राहणारच. त्यांच्याकडे आपण जाणार आहोत, पण रीतसर, पायरीपायरीने.

पायरी पहिली : रेझ्युमे

रेझ्युमे स्वतः लिहू नये, अशी प्रथा आहे. चुलतभावाचा घ्यावा आणि नाव बदलावं. ईमेल बदलायचं विसरू नये, नाहीतर मुलाखतीचं बोलावणं त्याला जातं आणि तो लग्नकार्यात भेटल्यावर सांगतो. स्वभावविशेष म्हणून ‘हार्डवर्किंग’, ‘टीम प्लेयर’ आणि ‘क्विक लर्नर’ हे तिन्ही घालावेत. भाषांच्या रकान्यात सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट आणि जागा उरली तर मराठी.

प्रोजेक्ट म्हणून ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’ द्यावी. महाराष्ट्रात जेवढी ग्रंथालयं नाहीत, तेवढ्या लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम आपल्या कॉलेजांनी तयार केल्या आहेत आणि त्यांतून आजवर एकही पुस्तक कुणी घरी नेलेलं नाही. रेझ्युमे चाळणाऱ्या माणसाला तो शब्द दिसला की त्याचा हात आपोआप पुढच्या कागदाकडे जातो. त्याऐवजी काकांच्या किराणा दुकानाची उधारी लिहिणारा छोटासा प्रोग्रॅम, तोही काका खरोखर वापरत असलेला, जास्त वजनदार ठरतो. पण तो लिहायला चार रविवार जातात, म्हणून नवशिक्यांना सुचवत नाही.

पायरी दुसरी : प्रत्यक्ष जाऊन भेटणे

‘नुसते मेल पाठवून काय होतं, तोंड दाखवायला पाहिजे’ असं सांगणारे वडीलधारे बहुधा एसटीत किंवा जिल्हा परिषदेत नोकरीला असतात आणि तिथे त्यांचं खरंही असतं. तेव्हा इस्त्रीचा शर्ट घाला आणि निघा.

एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क हिंजवडीपासून माणपर्यंत फेज एक, दोन, तीन असं पसरलं आहे. फेज एकला उतरून ‘तीन जवळच असेल’ म्हणत चालायला लागू नये. वाकडचा पूल, भूमकर चौक आणि शिवाजी चौक ही तीन ठिकाणं ओलांडायला किती वेळ लागेल, हे हिंजवडीत कुणीही छातीठोकपणे सांगत नाही; जो सांगतो तो नवीन आहे. डिसेंबर २०१८ मध्ये भूमिपूजन झालेल्या माण-शिवाजीनगर मेट्रोचे खांब मोजत बसलं तर वेळ बरा जातो. चैत्री पौर्णिमेला मात्र येऊ नये. त्या दिवशी म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला निघतं. रस्ता देवाचा असतो आणि त्याच्यापुढे कुठल्याही कंपनीची शिफ्ट चालत नाही. बगाड बघायला या, तो वेगळा विषय.

गेटवर पोहोचलात की वॉचमन काकांशी पुढचा संवाद साधारण असा होतो.

“कार्ड?”

“नाही काका, इंटर्नशिपसाठी आलोय.”

“कुणाला भेटायचंय?”

“एचआरना.”

“नाव काय त्यांचं?”

“कोणीही चालेल.”

“मलाही कोणीही चाललं असतं बाळा, पण रजिस्टरात नावाचा रकाना आहे.”

इथे वाद घालू नये. काकांचं बरोबर आहे. आतल्या माणसाने आधी कळवलेलं नसेल, तर पाहुण्याचा पास निघत नाही, आणि आतल्या माणसाला तुम्ही माहीत नाही. रेझ्युमेची प्रत काकांच्या हातात ठेवू नका. ते ती जपून ठेवतात आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. मोठ्या कंपन्यांचं इंटर्न घेणं गेटवर होत नाही. ते कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमधून, त्यांच्या स्वतःच्या परीक्षांमधून किंवा आतल्या कर्मचाऱ्याच्या रेफरलने होतं. समोरच्या टपरीवर चहा घ्या, काचेच्या इमारतीसमोर उभं राहून फोटो काढा आणि परत फिरा. फोटो आईला पाठवायला हरकत नाही.

पायरी तिसरी : निवड झाल्याबद्दल अभिनंदन

परतीच्या बसमध्ये व्हॉट्सॲप वाजेल. ‘काँग्रॅच्युलेशन्स! तुमची निवड झाली आहे.’ तुम्ही अर्ज केला होता का? नाही. मुलाखत? तीही नाही. अशी गुणग्राहकता हल्ली दुर्मीळ. सोबत रंगीत ऑफर लेटर, त्यावर सोनेरी शिक्का, आणि खाली क्यूआर कोड : नोंदणी शुल्क दोन-तीन हजार, चोवीस तासांत भरले तर सवलत. पैसे भरले की एका ग्रुपात घेतात. तिथे आठवड्याला एक व्हिडिओ येतो, महिन्याच्या शेवटी एक ‘टास्क’ येतो, तो कुणीतरी आधीच सोडवून इंटरनेटवर ठेवलेला असतो, आणि प्रमाणपत्र पीडीएफमध्ये मिळतं. वेळ वाचवायचा असेल तर अवश्य घ्या. मुलाखतीत ‘तिथे काय केलंत?’ हा पहिला प्रश्न येईपर्यंत ते उत्तम टिकतं.

काही ठिकाणी याचीच मोठी आवृत्ती मिळते : क्लासची फी भरा, शेवटचे दोन महिने ‘इंटर्नशिप’ आम्ही देतो. कामाचे पैसे उलट दिशेने वाहायला लागले की ती नोकरी नव्हे, गिऱ्हाइकी आहे.

पायरी तिसरी आणि चौथीच्या मध्ये सरकार

सरकारचं आपल्याकडे लक्ष नाही असं म्हणवत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली : देशातल्या अव्वल ५०० कंपन्या, महिना ५,००० रुपये. त्याच वर्षी राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली : बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्यांना ८,०००, पदवीधरांना १०,००० दरमहा. नियम मात्र नीट वाचा. २०२४ मध्ये सुरू झाल्या तेव्हा पहिल्या योजनेत पूर्णवेळ शिकणारा चालत नव्हता आणि दुसरीतही शिक्षण चालू असलेला उमेदवार बाद होता. म्हणजे इंटर्नशिप सक्तीची होती ती विद्यार्थ्याला, आणि योजना होती ती विद्यार्थी नसलेल्याला. शिक्षण संपल्यावर जरूर अर्ज करा.

पायरी चौथी : जिना चढणे

आता कंटाळला असाल, म्हणजे योग्य ठिकाणी आला आहात. काचेच्या इमारतींकडे पाठ करा आणि मारुंजी, वाकड, बाणेरच्या गल्ल्यांतल्या पाट्या वाचा. खाली मेस किंवा झेरॉक्सचं दुकान, वर ‘सॉफ्टवेअर सोल्युशन्स’. लिफ्ट नसते, रजिस्टर नसतं. आठ-दहा माणसं, एक कुरकुरणारा एसी आणि पतसंस्थांसाठी, शाळांसाठी किंवा दवाखान्यांसाठी चालणारं एखादं सॉफ्टवेअर. इथे मेलला उत्तर मिळण्याची शक्यता असते, कारण मेल मालकच वाचतो.

पहिल्या दिवशी काम मिळेल ते असं. एका पतसंस्थेने तक्रार केली आहे : खातेदारांची नावं मराठीत भरली, पण छापून येतात ती सगळी प्रश्नचिन्हं. ‘सुमन’ भरलं की ‘????’. बघ जरा, असं सांगून वरचा माणूस जेवायला जातो.

तुम्ही आधी फाँट बदलाल. सगळेच बदलतात. मंगल लावून पाहाल, मग दुसरा, मग तिसरा. प्रश्नचिन्हं जास्त सुबक दिसतील, एवढंच. मग तो माणूस जेवून येतो आणि म्हणतो, ‘दिसतंय काय ते सोड, साठलंय काय ते बघ.’ डेटाबेसला विचारायचं, या रकान्यात नेमके कोणते बाइट आहेत? युनिकोडमधलं देवनागरी अक्षर यूटीएफ-एटमध्ये तीन बाइट घेतं आणि सुरुवात ‘ई-झीरो’ने होते. इथे मात्र ओळीने ‘थ्री-एफ, थ्री-एफ, थ्री-एफ’ दिसतं. थ्री-एफ म्हणजे खरोखरचं प्रश्नचिन्ह. जुन्या मायएसक्यूएलमध्ये रकाना मुकाट्याने ‘लॅटिन-वन’ व्हायचा. त्यात मराठी मावत नाही, म्हणून त्याने अक्षर टाकून देऊन जागी प्रश्नचिन्ह ठेवलं. २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून मूळ सेटिंगच यूटीएफ-एट-एमबी-फोर आहे, पण पतसंस्थेचा सर्व्हर त्याच्या आधीचा.

सेटिंग बदलायला पाच मिनिटं लागतात. मग तुम्ही आनंदाने विचारता, ‘आता जुनी नावं परत येतील ना?’ नाही येत. जे साठलंच नाही ते कुठून येणार? बॅकअप कधीचा आहे ते शोधा. तोही नंतरचा निघाला, तर खातं उघडायचे कागदी फॉर्म मागवून एकेक नाव पुन्हा भरा. ते कंटाळवाणं काम इंटर्नकडेच येतं आणि ते करताना बॅकअपचं महत्त्व जेवढं कळतं तेवढं चार वर्षांच्या पदवीत कुणी शिकवत नाही. स्टायपेंड किती? बसचा पास आणि डबा निघाला तर नशीब. प्रमाणपत्र साध्या लेटरहेडवर मिळतं, शिक्का किंचित तिरका असतो.

अशा ठिकाणी जाण्याआधी दोनच प्रश्न विचारा : माझं काम रोज कोण बघणार, आणि मी लिहिलेलं कुणी वापरणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर जिना उतरा. लहान ऑफिसांतही इंटर्नला चहा आणायला आणि एक्सेल भरायला बसवणारे पुष्कळ आहेत. घरात बसून करायचं असेल तर ओपन सोर्सचा मार्ग उघडा आहे. गूगलचा ‘समर ऑफ कोड’ २००५ पासून चालू आहे, निवड झाली तर पैसेही मिळतात आणि गेटवर कुणी अडवत नाही. फक्त इंग्रजीत लिहून भांडता आलं पाहिजे.

शेवटची सूचना विद्यार्थ्यांसाठी नाही. फेज दोन किंवा तीनमध्ये कार्ड टेकवून आत जाणाऱ्या वाचकांनो, तुमच्या लिंक्डइनवर ‘आदरणीय सर, मला इंटर्नशिप हवी आहे’ असे मेसेज पडून असतील. कंपनीत जागा नसेल तर तसं लिहा. पण त्यातल्या एखाद्याचा प्रोजेक्ट उघडून कुठे चुकलंय ते दोन ओळींत कळवा.