बाकावर कोण बसणार?

मराठीत शाळेचा पहिला दिवस आणि पाऊस यांचं लग्न कोणी लावलं ते ठाऊक नाही, पण ज्या भटजींनी लावलं त्यांचं घर नक्की कोकणात असणार. नव्या रेनकोटचा रबरी वास, चिखलात उमटलेली इवली पावलं, कागदाच्या होड्या हे सगळं वाचत वाचत आम्ही नागपुरात मोठे झालो. आमच्या पहिल्या दिवसाला वास यायचा तो कूलरच्या भिजलेल्या वाळ्याचा. रेनकोट आम्हालाही घेऊन द्यायचे. तो डोक्यावर धरून आम्ही उन्हातून घरी यायचो. होडी सोडायची तर अंगणातल्या टाक्यात, आणि तीही आजीचा डोळा लागल्यावर.

नवतपाचे नऊ दिवस संपले म्हणून आमचं ऊन संपत नाही, हे सरकारलाही मान्य आहे. म्हणून विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२५ साली तिकडच्या शाळा १६ जूनला भरल्या, आमच्या २३ला. या आठवडाभराला सरकार सवलत समजतं. सरकारला बहीण नसावी. मला आहे, थोरली आहे आणि पुण्यात आहे.

ताईची मुलगी आमच्या लेकीएवढीच, दोघी त्या वर्षी चौथीत. त्यामुळे १६ तारखेच्या सकाळपासून पुणे केंद्रावरून बातम्या सुरू झाल्या.

"ब्राऊन पेपर घेतलास का?"

"ताई, अजून आठ दिवस आहेत."

"इकडे संपलाय. तिकडेही संपेल."

पुण्यात जे आज होतं ते नागपुरात आठ दिवसांनी होतं, असा ताईचा सिद्धांत आहे. एरवी मी वाद घातला असता, पण मान्सून बहुतेक वर्षी तसाच येतो, त्यामुळे बोलती बंद झाली.

फोन चालू असताना लेक माझी बाही ओढत होती. "आत्याला विचारा ना, माझ्या बाकावर कोण बसणार?"

पहिलीपासून तिसरीपर्यंत तिच्या शेजारी एकच मैत्रीण बसायची. एप्रिलात त्या मुलीच्या वडिलांची अमरावतीला बदली झाली. निकालाच्या दिवशी दोघींनी एकमेकींना खोडरबर दिले आणि त्यानंतर आमच्या घरात हा प्रश्न मुक्कामाला आला. मी तो पुण्याला कळवला. ताई म्हणाली, "ते सोड. लेबलं आणलीस का?"

एव्हाना शाळेच्या सूचना यायला लागल्या होत्या. माझ्या लहानपणी सूचना म्हणजे शिपाईमामा वही घेऊन वर्गात यायचे, बाई वाचून दाखवायच्या, आणि ती घरी पोचवायची जबाबदारी माझ्यावर असायची. मी विसरलो तर ती सूचना आमच्या घरापुरती रद्द. वडिलांना पालकसभा असते हे मी सातवीत असताना, आणि तेही शेजाऱ्यांकडून कळलं. आता सूचना पोरांना वगळून थेट बापाच्या मोबाइलवर येते, आणि ती वाचली की नाही हेही शाळेला दिसतं.

सूचनांची भाषा मी आता बारकाईने अभ्यासली आहे. या भाषेत कर्ता नसतो. कोणीच काही करत नाही, सगळं 'करण्यात येतं'. वह्यांना कव्हर घालण्यात यावीत. नखं कापण्यात यावीत. आणि शेवटी 'पालकांनी नोंद घ्यावी'. मी प्रत्येक वेळी नोंद घेतो. कुठे ठेवली ते मात्र आठवत नाही. सूचना क्र. ३मध्ये कव्हर तपकिरी हवं होतं. सूचना क्र. ५मध्ये त्यावर पारदर्शक प्लास्टिक चढलं. सूचना क्र. ८ने पर्यावरणाच्या हितासाठी प्लास्टिक उतरवलं. तोवर आमच्या घरी ११ वह्यांना प्लास्टिक घालण्यात आलं होतं. कर्ता मी होतो.

२२ तारखेपर्यंत १७ सूचना झाल्या. बूट, मोजे, रिबिनी, डब्यात काय असावं, काय नसावं, फाटकाशी गाडी किती वेळ उभी करावी, सगळं आलं. बाकावर कोण बसणार ते एकीतही नव्हतं.

"बाबा, तुम्ही तर समितीत आहात ना?" लेक म्हणाली.

इथे एक कबुली देणं भाग आहे. आपल्याकडे शाळांच्या शुल्काचं नियमन करणारा २०११चा कायदा आहे. त्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असतो आणि संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडतात. म्हणजे भाषण नको, प्रचार नको, फक्त नशीब हवं. आयुष्यभर मी दिवाळी बंपरची तिकिटं घेतली, रेल्वेत खिडकीची जागा मागितली, लग्नातल्या लकी ड्रॉच्या डब्यात नाव टाकलं. कुठे काही लागलं नाही. आदल्या वर्षी शाळेच्या सभागृहात एका चिमुरडीने बरणीत हात घातला आणि माझी चिठ्ठी काढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली नव्हती त्यांच्या टाळ्या जास्त जोरात होत्या.

समितीने वर्षभरात फीवाढीचा प्रस्ताव वाचला, पुन्हा वाचला आणि समोसे खाल्ले. पण लेकीच्या लेखी बाप म्हणजे शाळेचा निम्मा मालक. तेव्हा मी शाळेत फोन केला. पलीकडून आवाज आला, "कार्यालय." मी प्रश्न विचारला. थोडी शांतता. मग, "फी भरली का?"

"भरली."

"मग बसेल कोणीतरी."

दरम्यान खरेदी उरकायची होती. गणवेश अमुक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही, तसे शासनाचे आदेश आहेत. आमच्या शाळेनेही सक्ती केलेली नाही. तिने फक्त निळ्या रंगाचं वर्णन असं केलंय की तो निळा अख्ख्या नागपुरात एकाच दुकानात मिळावा. आकाशी नाही, गडद नाही, 'शालेय निळा'. सीताबर्डीवरच्या त्या दुकानात आम्ही दुपारी दोन वाजता पोचलो. तिथे आधीच निम्मं शहर उभं होतं आणि उरलेलं निम्मं गाडी लावायला जागा शोधत होतं.

दुकानदाराने लेकीकडे एकदा बघितलं आणि दोन माप मोठा स्कर्ट काढला.

"हा मोठा होतोय," मी म्हणालो.

"यंदा होऊन राहिला भाऊ. पुढच्या वर्षी बरोबर होते."

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी?"

"तेव्हा शाळा निळा बदलवते."

महाराष्ट्रात मुलांना मापाचा गणवेश फक्त दुसऱ्या वर्षी मिळतो. पहिल्या वर्षी मूल गणवेशात राहायला जातं, तिसऱ्या वर्षी गणवेश मुलाला सोडून चाललेला असतो. मधल्या वर्षात फोटो काढून घ्यावेत.

पुस्तकांचं ओझं हा पुढचा विषय. केंद्र सरकारच्या २०२०च्या धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं. ते कमी व्हावं म्हणून आपल्या बालभारतीने २०२३ साली पुस्तकांमध्येच कोरी पानं घातली होती. धडा झाला की शेजारी लिहा, वहीची गरजच नाही. हेतू त्या पानांइतकाच स्वच्छ होता. पण वहीशिवाय शिक्षण ही कल्पना आपल्या शाळांना झेपेना. मुलं कोऱ्या पानांची पुस्तकं नेऊ लागली आणि वर वह्याही. शेवटी २०२५पासून ती पानं बंद झाली. आमच्या लेकीच्या दुसरीच्या पुस्तकातली कोरी पानं अजून कोरीच आहेत. माझी बायको त्यांवर दुधाचा हिशेब लिहिते.

लेकीचं वजन २५ किलो. १० टक्के म्हणजे अडीच किलो. रविवारी संध्याकाळी दप्तर भरून झालं आणि मी ते उचललं, तेव्हा माझ्या कमरेने अडीच हा आकडा नामंजूर केला. घरात वजनाचा काटा नव्हता. तेवढ्यात गल्लीत रद्दीवाल्याची आरोळी आली. मी दप्तर घेऊन खाली उतरलो.

त्याने ते आकड्याला अडकवलं आणि काटा वर धरला. "पाच किलो शंभर. काय भाव लावू भाऊ?"

"विकायचं नाही. फक्त तोलायचं होतं."

त्याने दप्तराकडे बघितलं, मग जिन्यात उभ्या असलेल्या लेकीकडे बघितलं. "हे हिचं आहे? एवढं तर मी एका घरून उचलत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तोललंच आहे तर विकून टाका ना. पोरगीबी खूश, मीबी खूश."

लेक खूश व्हायला तयारच होती. बायकोने वरून बघितल्यामुळे सौदा फिसकटला.

वर येऊन आम्ही झडती घेतली. पाण्याची बाटली, भरलेली, एक किलोच्या वर. ११ वह्या, कारण वेळापत्रक अजून आलेलं नव्हतं आणि सूचना क्र. १४ म्हणत होती, 'पहिल्या दिवशी सर्व साहित्य सोबत असावे'. एक रेनकोट. एक छत्री, कारण ताई म्हणाली होती रेनकोट पुरत नाही. कंपासपेटी, रंगपेटी, जादा मोजे. आणि तळाशी एक खोडरबर, नवं, न वापरलेलं, कागदात गुंडाळलेलं. मी ते उचलायला गेलो तर लेक म्हणाली, "ते राहू द्या. ते जड नाही." मी राहू दिलं. मग बाकीचंही राहू दिलं, कारण सूचना क्र. १४.

आता राहिली उठण्याची गोष्ट. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असं सरकारने २०२४ साली ठरवलं. निर्णय उत्तम. पण विदर्भात ऊन असतं म्हणून सुरुवातीचे दिवस शाळा सकाळची. म्हणजे झोपेसाठी उशिरा आणि उन्हासाठी लवकर. पुण्याची भाची आठ वाजता डोळे चोळत उठते, आमची लेक त्या वेळी दुसऱ्या तासाला जांभया देते. यावर उपाय म्हणून आम्ही रात्री आठ वाजता दिवे मालवून झोपलो. साडेनऊला ताईचा फोन आला. "झोपलात का? काय हे, उद्या शाळा ना?"

२३ जूनची सकाळ. आभाळ भरलेलं, वारा बंद, अंगाला चिकटणारा उकाडा. फाटकावर केळीचे खांब आणि फुगे. आत बाई ओवाळत होत्या, प्रत्येक मुलाच्या हातात एक गुलाबाचं फूल. पहिलीची बाळं भोकाड पसरत होती आणि त्यांच्या आया फाटकाबाहेर तेच करत होत्या. लेक आत गेली. मागून फक्त दप्तर दिसत होतं, खाली दोन पाय. ते दप्तर एकटंच शाळेत चाललंय असं वाटत होतं.

दुपारी मी फाटकावर वेळेच्या आधी वीस मिनिटं हजर. सूचना क्र. ११नुसार दहाच मिनिटं आधी यायची परवानगी होती. घंटा झाली. ती आली. मी दप्तर घेतलं, खांदा वाकडा केला, आणि घरी पोचेपर्यंत न विचारण्याचं ठरवून पहिल्याच वळणावर विचारलं.

"मग? बाकावर कोण बसलं?"

"दप्तर."

"म्हणजे?"

"खाली मावेना. मग बाई म्हणाल्या बाकावर ठेव. मग जागाच उरली नाही. एक नवीन मुलगी आली होती, ती विचारत होती इथे कोणी बसतं का. मग ती मागे गेली."

मी काही बोललो नाही. गेल्या काही दिवसांत मी १७ सूचना पाळल्या होत्या, ११ वह्यांना दोनदा कव्हर घातलं होतं, कार्यालयात फोन केला होता, कायद्याने स्थापन झालेल्या समितीचा मी सदस्य होतो. आणि ती जागा मीच, माझ्या हातांनी भरून, चेन लावून पाठवली होती.

त्या रात्री आम्ही दप्तर पुन्हा उघडलं. छत्री काढली. रेनकोट काढला, आभाळाला काय करायचं ते करू दे म्हटलं. आठ वह्या काढल्या. बाटली निम्मीच भरली, शाळेत नळ आहे आणि त्याला पाणीही येतं हे समितीच्या बैठकीत मी स्वतः ऐकलं होतं. खोडरबर ठेवलं. सकाळी ताईचा फोन येण्याआधी लेकीला शाळेत सोडलं. अकराच्या सुमारास सूचना क्र. १८ आली, 'काही विद्यार्थी अपुरे साहित्य घेऊन येत आहेत, पालकांनी नोंद घ्यावी.' घेतली.

विदर्भातल्या पालकांनो, तुमच्या हाती तो एक जादा आठवडा असतो. त्यात ब्राऊन पेपर संपला तर संपू द्या, वर्तमानपत्राचंही कव्हर होतं. पण दप्तर एकदा रद्दीवाल्याकडे नक्की तोलून आणा. आमचं मंगळवारी दोन किलो तीनशे भरलं. बाकाखाली मावलं. आणि खोडरबर आता आमच्या घरी नाही.