कडू शे, गुण करीच!

सुरतच्या कोसाड आवास वसाहतीच्या जिन्यात दोन वास हटत नाहीत. एक साडीला टिकल्या चिकटवायच्या गोंदाचा, दुसरा सकाळी मिक्सरात फिरणाऱ्या कारल्याचा. सातव्या महिन्यातल्या वहिनींच्या रिपोर्टात साखर निघाली आणि गेल्याच आठवड्यात डोहाळजेवणाला ज्यांनी जिलेबी भरवली, त्याच मावशी आता हिरवा पेला घेऊन समोर उभ्या. 'कडू शे, गुण करीच!' खान्देशातून सुरतेला येताना हे शास्त्र बिनभाड्याचं येतं.

डॉक्टरांनी दिलेली मेटफॉर्मिन मात्र पिशवीतच. का? 'गरम पडते. केमिकल शे.'

या केमिकलचं माहेर रानातच आहे, मावशी. युरोपात गॅलेगा नावाचं शेंगवर्गीय झुडूप उगवतं. त्यातलं गॅलेगिन रक्तातली साखर उतरवतं, पण इतकं विषारी की ते झुडूप चरून मेंढ्या दगावतात. त्याच कुळीतलं, पण सोसवेल असं मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिनमध्ये तयार झालं. मधुमेहींना ते दिल्याचं पॅरिसच्या झाँ स्टेर्न यांनी छापलं १९५७ साली. गर्भवतींवरची मोठी चाचणी छापायला २००८ उजाडलं. बायका ७५१, काही मेटफॉर्मिनवर, काही इन्सुलिनवर. मेटफॉर्मिनवाल्यांतल्या जवळपास निम्म्यांना वरून इन्सुलिन टोचावंच लागलं. एका झुडपामागे एवढी पायपीट! मावशींची चाचणी एका पेल्यात आटोपते.

कारल्यात, मेथीत, दारुहळदीत साखर उतरवणारी द्रव्यं आहेत, उंदीर साक्षीला आहेत. पण उंदरीण तीन आठवड्यांत मोकळी होते आणि तिला सासू नसते. दारुहळदीतलं बर्बेरिन वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं, नवजाताची कावीळ चिघळवू शकतं, म्हणून गरोदरपणी ते वर्ज्य. कारल्याची भाजी खा, आमटीला मेथीची फोडणी द्या, त्याला कोण नाही म्हणतंय? भांडण आहे ते पुडीतल्या चूर्णाशी. तिच्यावर 'साइड इफेक्ट नाही' एवढं ठळक असतं. पोटुशीला किती द्यायचं, ते नसतं. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे. जाहिरातींनी रंगलेल्या भिंतींना कायदा वाचता येत नसावा.

गरोदरपणातल्या साखरेच्या सरकारी चाचणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात, दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा वर आकडा आला की गर्भारपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा, २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, आणि मधुमेह निघाला असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत एकदा. गरोदरपणी उपाशी जावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. मोडतात ते दोन तास, आणि तेवढ्या वेळातल्या टिकल्यांची मजुरी.

मावशी, पुढच्या चाचणीच्या दिवशी वहिनींच्या वाटच्या साड्या तुम्ही करा. कारलं संध्याकाळी, भाजीला.