साठ अंकाची सनद
म्युनिकच्या बीएमडब्ल्यू कंपनीने २००० साली जी नवी एम-३ मोटार जगापुढे आणली, तिच्या मिनिटास सुमारे ८,००० फेरे घेणाऱ्या इंजिनासाठी १०डब्ल्यू-६० या दाट तेलाचे फर्मान निघाले, आणि तेव्हापासून हौशी मोटारमालकांच्या दृष्टीने त्या साठाला जहागिरीच्या सनदेचे मोल प्राप्त झाले. वस्तुतः पहिला अंक तेल कडाक्याच्या थंडीत कितपत प्रवाही राहील हे सांगतो, दुसरा मुख्यत्वे १०० अंश सेल्सियसला त्याचा दाटपणा किती उरतो याची नोंद करतो. मालकाच्या पुरुषार्थाची नोंद करण्याचा अखत्यार त्या अंकांस अद्याप बहाल झालेला नाही. तरीही ज्या गृहस्थाची एम-३ मोटार घर ते कचेरी एवढाच पल्ला मारून तेल पुरते तापण्यापूर्वीच विसावते, तोच शेजाऱ्याच्या ०डब्ल्यू-२० वर चालणाऱ्या टोयोटा जीआर-८६कडे पाहून ‘हे तर निव्वळ पाणी!’ असा शेरा मारतो. बेअरिंगमधील फट आणि पंपाची क्षमता पाहून अभियंत्याने तेल मुक्रर केलेले असते, हा तपशील त्याच्या लेखी कारकुनी होय. गंमत अशी की, त्या एम-३च्या फेरेमापकावर तेल थंड असताना मर्यादा दाखविणारे दिवे असतात व तेल तापेल तसतसे ते विझत जातात. ही यंत्राने दिलेली समज हा गृहस्थ रोषणाई समजून पाहुण्यांस कौतुकाने दाखवितो, आणि सत्तर अंकाचे तेल केव्हा निघणार, अशी दुकानदाराकडे चौकशी करतो.