पाच वर्षांचा पैसा, पंधरा वर्षांचं काम

बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य आणणारा आजार, बहुधा डोकं वर काढतो तो सोळा ते पंचविशीत. संशोधनाला अनुदान मिळतं तीन, फार तर पाच वर्षांचं. बारा वर्षांची मुलगी अभ्यासात घेतली, की ती सतराची होताना पैसे संपतात.

ऐन वेळी दिवे बंद!

आईला किंवा वडिलांना हा आजार असला, की मुलांचा धोका कित्येक पटींनी वाढतो. घरोघरी हे ठाऊक असतं, म्हणून तर लपवतात. काका 'जरा तापट', मावशी 'जरा हळवी'. स्थळ बघताना सगळं खोदून विचारतात. डॉक्टरसमोर मात्र तोंडाला कुलूप.

नेदरलँड्समध्ये १९९७ साली चिकाटीचं काम सुरू झालं. बायपोलर आईवडिलांची १४० मुलं, वय १२ ते २१. बारा वर्षांनी कळलं, की आजार सुमारे १३ टक्के मुलांना झाला. म्हणजे बहुतेक या आजारातून सुटली! ही बातमी किती आयांची झोप परत देईल? पण ती कळायला बारा वर्षं लागली.

आणखी एक कळलं. सुरुवात बहुतेकदा उन्मादानं नाही, नैराश्यानं होते. घरात कुणाला काय होतं हे न विचारता अशा मुलाला नुसतं नैराश्याचं औषध दिलं, तर उन्माद उसळू शकतो. एक प्रश्न विचारायला किती निधी लागतो?

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी हा आजार असलेल्या घरांतली, लक्षणं दिसू लागलेली १२७ मुलं घेतली. काहींच्या अख्ख्या कुटुंबाला चार महिन्यांत समुपदेशनाच्या बारा बैठका, बाकीच्यांना सहाच आणि साध्या. बारा बैठकावाल्यांचा पुढचा झटका लांबला: ६३ ऐवजी ८१ आठवडे. अठरा आठवडे म्हणजे शाळेचं एक सत्र. दहावीच्या मुलाला विचारा त्याची किंमत. पण बोलण्याचं पेटंट निघत नाही, मग कंपनी पैसा कशाला लावेल? तो सरकारनंच द्यायचा.

आपल्याकडे? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत एकाच घरात अनेक रुग्ण असलेल्या कुटुंबांचा अभ्यास २०१६पासून सुरू झाला. चांगलंच आहे. पण देशाला एक बंगळुरू पुरेल?

"इथे उपचारच पोचत नाहीत, संशोधन कसलं?" हा ठरलेला सवाल. खरंय, २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत बायपोलरचे सुमारे ७० टक्के रुग्ण उपचारांबाहेर होते. पण उरलेले तीस टक्के तर दवाखान्यात येतातच ना? त्यांची मुलं कुठे आहेत?

तिथेच आहेत. बापाच्या लिथियमची चिठ्ठी घेऊन सोळा वर्षांचा पोरगा औषधाच्या रांगेत उभा असतो. तुला रात्री झोप लागते का रे, असं त्याला कुणी विचारलंय?