माझं काही नाही, पण...

बाटलीचं मतदान जाहीर झालं की गावातला जो पुरुष सगळ्यांत जास्त कामाला लागतो, त्याला त्या मतदानात मतच नसतं. मतदान बायकांचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे गावातली दारूविक्री चालू राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. राहिला प्रश्न पुरुषांचा. त्यांनी चहाच्या टपरीवर बसून चर्चा करायची, आणि त्या चर्चेच्या अध्यक्षस्थानी हे गृहस्थ. आमच्याकडे त्यांना तात्या म्हणतात. तुमच्याकडे नाना असतील, बापू असतील, दाजी असतील. माणूस तोच.

आमचे तात्या एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. सबंध नोकरी स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीत, माइकसमोर गेली. त्यामुळे घरात चहा मागतानासुद्धा आवाज फलाटाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. त्या आवाजात ते जगातल्या कुठल्याही विषयावर मत देतात, आणि प्रत्येक मताची सुरुवात ठरलेली असते : “माझं काही नाही, पण...”

“माझं काही नाही, पण हॉटेलातलं परमिट रूम बंद झालं तर त्या वेटर पोरांनी जायचं कुठं?” हे सकाळी नऊ वाजता, टपरीवर. साडेनऊला बचत गटाच्या अध्यक्षीणबाई समोरून येताना दिसल्या की, “माझं काही नाही, पण त्या कोपऱ्यावरून लेकीबाळींनी क्लासला जायचं कसं, सांगा ना!” दोन्ही वाक्यं ते मनापासून बोलतात. यात कुणाला ढोंग दिसेल, मला नाही दिसत. समोर जो माणूस असेल त्याचं दुःख तात्यांना तेवढ्यापुरतं खरंच वाटतं.

संध्याकाळी साडेसात वाजले की “जरा पाय मोकळे करून येतो” म्हणून ते निघतात. पाय थेट परमिट रूममध्ये जाऊन मोकळे होतात. बसायची जागा ठरलेली, पंख्याखालची पण दारातून दिसणार नाही अशी. वेटरला ते एवढंच म्हणतात, “मसाला शेंगदाणा, काकडी, आणि ते आपलं.” ‘ते आपलं’ म्हणजे नाइंटी, त्यात अर्धी सोडा, अर्धं पाणी. नाव काही उच्चारायचं नाही. दारू लोक पितात, तात्या ‘घेतात’, तेही डॉक्टरांनी थोडी चालेल म्हटलंय म्हणून. हे डॉक्टर कोण, हे आजवर गावात कुणाला कळलेलं नाही. घरी येताना बडीशेपेची पुडी. काकी म्हणतात, “वासावरून नाही कळत हो, बडीशेपेवरूनच कळतं. एरवी कुठं खातात ते?”

मात्र तात्या बेकायदेशीर कधी पीत नाहीत. अख्ख्या गावात पिण्याचा रीतसर परवाना असलेला हा एकमेव माणूस. तो आजीव परवाना लॅमिनेट करून त्यांनी पाकिटात ठेवलाय, एसटीच्या निवृत्तांच्या पासाला चिकटून. नवीन माणूस टेबलावर आला की परवाना बाहेर निघतो. “1949चा कायदा. महाराष्ट्रात दारूबंदीच आहे, माहीत आहे का? आपण सगळे परवान्यावर जगतोय. तुझ्याकडे आहे परवाना? नाही. म्हणजे तू आत्ता गुन्हा करतोयस. घे, शेंगदाणे घे.” एकदा पुतण्या मित्रांबरोबर पलीकडच्या टेबलावर सापडला. दुसरा काका असता तर कानाखाली वाजवली असती. तात्यांनी विचारलं, “वय काय तुझं?” बावीस म्हणाला. “मग बिअरवर थांब. बाकीच्याला पंचवीस लागतात.”

कायद्याची ही आवड त्यांना खरी लागली ती 2017 साली. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून लागू झाला. वीस हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांना सूट देऊन ते अंतर 220 मीटरवर आणलं. सबंध राज्यात लोक टेप घेऊन फिरत होते. आमच्या इथल्या मालकाने रस्त्याकडचं फाटक बुजवलं, मागच्या शेतातून नवं काढलं आणि गिऱ्हाइकाला उसाच्या कडेने मोठा वळसा घालायला लावला. हा वळसा कायद्यात बसतो का, यावर तात्यांनी महिनाभर प्रवचन दिलं आणि प्रवचन देतादेता रोज तो वळसा चालले. “डॉक्टरला जे जमलं नाही ते कोर्टानं केलं,” म्हणाले, “साखर उतरली माझी.”

पुढे 2022मध्ये दारूच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं नकोत असं सरकारने ठरवलं. हॉटेलचं नाव एका किल्ल्याचं होतं, ते बदललं. निर्णय योग्यच, असं तात्या चारचौघांत ठामपणे म्हणाले. नंतर हळूच मला म्हणाले, “पण आधी जरा गडावर बसल्यासारखं वाटायचं.”

चर्चेत त्यांचं आवडतं शस्त्र म्हणजे चंद्रपूर. “चंद्रपूरला 2015ला बंदी आली, 2021ला उठवली. का?” एवढं म्हणून ते थांबतात. समोरचा उत्तराची वाट बघतो. उत्तर येत नाही, तात्या चहा पितात. बायकांच्या बाजूने बोलायची पाळी आली की तेवढ्याच जोरात, “गडचिरोली बघा, वर्धा बघा!” काय बघायचं विचारलं तर, “बघाल तेव्हा कळेल.”

अशा माणसाच्या घरातून सह्यांची मोहीम सुरू झाली. कायदा असा की गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान लागतं. काकींनी नवऱ्याला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तात्यांना पत्ता लागला तो रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा. स्वयंपाकघरात आठ-दहा बायका, मधे मतदार यादी पसरलेली, आणि काकी चष्मा लावून एकेक नाव वाचतायत.

तात्यांनी गप्प पाणी पिऊन परत जायला हवं होतं. पण आयुष्यभर वेळापत्रक पाठ केलेला माणूस. यादीत चूक दिसली की त्यांचा जीव कासावीस होतो. दारातूनच म्हणाले, “ही कुठं आहे आता गावात? हिला चिंचवडला दिली.” पुढचं नाव. “ही गेली. तेराव्याला जेवलोय मी.” पुढचं. “ही आणि वरची बाई एकच. लग्नाआधीचं एक नाव, नंतरचं एक.”

“मग असू दे की नावं,” एक तरुण सून म्हणाली. “ज्या नाहीत त्या मत द्यायला थोड्याच येणारेत?”

तात्या खाली बसले. “बाई, तिथंच तर गोम आहे. पडलेल्या मतांच्या निम्मी नाही लागत इथं. यादीत जेवढी बायकांची नावं आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला लागतात. समजा यादीत हजार नावं आहेत. सहाशे बायका आल्या, त्यातल्या पाचशेंनी आडवीवर शिक्का मारला, तरी बाटली उभी. पाचशे एक पाहिजे. जी आली नाही, ती उभीच्या खात्यात.”

“मेलेलीसुद्धा?”

“मेलेलीसुद्धा.”

काकींनी चष्मा काढला. “जन्मभर जिनं पिणाऱ्याचा मार खाल्ला, ती मेल्यावर बाटलीला मत देणार होय?”

यावर “माझं काही नाही, पण” लागू पडेना. तात्या थोडा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग लाल पेन मागितलं.

त्या नियमाबद्दल मलाही बोलायचं आहे. ज्या देशात पडलेल्या मतांत इतरांपेक्षा एक मत जास्त मिळवून माणूस आमदार होतो, खासदार होतो, तिथे बाटली हटवायला मात्र सगळ्या यादीच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. कुणाचा चालू धंदा बंद करायचा तर कौल भक्कम हवा, हे एक वेळ मान्य. पण मग यादी तरी आजची द्या. मयत, सासरी गेलेल्या आणि दुबार नावांच्या जिवावर उभं राहणं हे बाटलीलाही शोभत नाही. शिवाय या हिशेबामुळे हॉटेलवाल्याचं काम फार सोपं होतं. बायकांचं मत वळवायची त्याला गरजच नाही, त्या घरी राहिल्या तरी पुरे. मतदानाच्या दिवशीच देवदर्शनाची फुकट सहल निघते असं म्हणतात, ते काही उगीच नाही.

तर तात्या यादीच्या कामाला लागले. लाल शाईत शेरे : ‘मयत’, ‘सासरी’, ‘पुण्यास’, ‘दुबार’. एका नावापुढे ‘येईल, पण दिरासमोर बोलवू नये’. दुपारभर हे काम आणि साडेसातला पाय मोकळे. त्यात खंड नाही. मालकाच्या कानावर गेलंच. टेबलापाशी येऊन तो म्हणाला, “तात्या, इथं बसून आमच्याच मुळावर?” तात्यांनी काकडीला मीठ लावत सांगितलं, “मी फक्त यादी दुरुस्त करतोय. माझं काही नाही.”

मतदान जिल्हा परिषदेच्या शाळेत होतं. तात्या सकाळी सातपासून बाहेर, मंदिराच्या पारावर, इस्त्रीचा खाकी शर्ट घालून. तो शर्ट निवृत्तीनंतर मी प्रथमच पाहिला. हातात यादी, कानाला मोबाइल आणि तोंडात स्टँड. “वाडीची जीप सुटली का? का नाही सुटली? एकीसाठी थांबू नका, तिला पुढच्या फेरीत घ्या! खालच्या आळीची रिक्षा कुठाय? दहा चाळीसला इथं लागायला पाहिजे होती!” चिंचवडला दिलेली मुलगी खरोखरच पहाटेच्या गाडीने पोराला कडेवर घेऊन आली. तात्यांनी तिच्या नावावरचा ‘सासरी’ खोडला आणि सगळ्या पाराला ऐकू जाईल असं म्हणाले, “आली!” मधे कुणी तरी छेडलं, “तात्या, आडवी निवडून आली तर संध्याकाळी जाल कुठं?” तात्या फोनवर होते. त्यांनी नुसताच हात केला, गाडी मागे घे म्हणतात तसा.

तहसीलदारांनी निकाल वाचला. पडलेल्या मतांत आडवी बाटली कितीतरी पुढे होती. यादीच्या निम्म्याला ती थोडक्यात पोचली नाही. बाटली उभी राहिली.

लोकांना वाटलं, तात्या मनातून सुटले. रात्री ते हॉटेलात गेलेही. मालकाने खुशीत त्यांच्या टेबलावर आख्खी क्वार्टर पाठवली, वर चिकन चिली. तात्यांनी ती तशीच परत केली. आपली नाइंटी मागवली, आपले पैसे दिले, सुटे मोजून घेतले. निघताना गल्ल्यापाशी थांबले. “गाडी भरलेली होती,” मालकाला म्हणाले, “मेलेल्या पॅसेंजरची सीट धरून ठेवली म्हणून सुटली नाही. पुढच्या खेपेला आधी यादी साफ, मग सह्या.”

मालक म्हणाला, “तात्या, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?”

“माझं काही नाही,” तात्या म्हणाले, आणि बडीशेप घ्यायला पुढे गेले.

तेव्हा तुमच्या गावात किंवा वॉर्डात सह्या सुरू झाल्या असतील तर भाषणं नंतर करा, आधी तुमचा तात्या शोधा. तो टपरीवर सापडेल आणि दोन्ही बाजूंनी बोलत असेल, तिकडे लक्ष देऊ नका. त्याच्या हातात मतदार यादी आणि लाल पेन द्या. काम मात्र संध्याकाळी साडेसातच्या आत उरकून घ्या.