चारवर कोमट, पाचवर होळी

एप्रिल लागला की दारव्ह्यातलं इलेक्ट्रिकचं दुकान कूलरचं दुकान होतं. वायरी, होल्डर, बटणं मागच्या फळीवर जातात आणि पुढे पत्र्याच्या टाक्या, वूडवूलचे गठ्ठे आणि पाणी चढवायच्या छोट्या मोटारी यांची रास लागते. अशाच एका दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले एक निवृत्त गुरुजी कापडी पिशवी सांभाळत दुकानात शिरले आणि त्यांनी तापवायच्या यंत्राचा कंट्रोल मागितला.

"गुर्जी," दुकानदार म्हणाला, "लोक थंड कराले येऊन रायले, अन् तुम्ही गरम कराले आले!"

विदर्भात उष्णतेची टंचाई कधी कोणी ऐकलेली नाही. पंचाईत होते ती मोजून-मापून उष्णता हवी असली की. गुरुजींना नेमकी १८० अंश हवी होती.

यंत्र अमेरिकेतलं. न्यू जर्सीतल्या भाच्याला मामांचा खोकला दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ऐकू यायचा. तो दिवाळीत आला तेव्हा टेबलावर ठेवायचं, लोट्याएवढं, चकचकीत असं काहीतरी घेऊन आला. यात पाणी घालायचं नाही, काडी लावायची नाही. वाळलेली पानं एका छोट्या जाळीत ठेवायची, खालून गरम हवा जाते, आणि पान जळायच्या आत त्यातलं तेल हवेत उतरतं. गुरुजींनी सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात घातलेली, त्यामुळे कल्पना त्यांना एकदम पटली. निलगिरीतलं सिनिऑल १७६ अंशांच्या आसपास उकळतं, ओव्यातलं थायमॉल २३३ च्या जवळ, पण उकळायच्या कितीतरी आधीपासून दोघंही वास सोडायला लागतात. त्याहून फार तापवलं तर पान करपतं आणि औषधाचा धूर होतो. म्हणजे या यंत्रात तापवणारी कॉईल दुय्यम, तिला वेळेवर थांबवणारा कंट्रोल मुख्य.

तो कंट्रोल पहिल्याच दिवशी गेला. यंत्राचा प्लग अमेरिकेतला, चपट्या पायांचा. शेजारच्या मुलाने उत्साहाने मल्टिप्लग आणला. यंत्राच्या बुडाला १२० व्होल्ट, २०० वॅट अशी बारीक पाटी होती आणि ती वाचायला गुरुजी चष्मा शोधत होते. भिंतीत २३० व्होल्ट वाट बघत होते. चष्मा सापडेपर्यंत बटण दाबलं गेलं होतं. दाब दुप्पट झाला तर शक्ती चौपट होते, या हिशेबाने दोनशे वॅटच्या कॉईलने ७३५ वॅट ओढायला सुरुवात केली असणार. गुरुजींनी हे गणित नंतर एसटीच्या तिकिटामागे सोडवलं. यंत्राने ते तोंडीच केलं होतं.

दारव्ह्याच्या या दुकानातल्या मेकॅनिककडे निदानाचं एकच साधन असतं आणि ते चुकत नाही: सिरीजचा बोर्ड. लाकडी फळीवर शंभराचा जुना पिवळा बल्ब, एक सॉकेट आणि दोन मोकळ्या तारा. तपासायची वस्तू बल्बच्या सिरीजमध्ये लावायची. बल्ब पूर्ण पेटला तर वस्तू शॉर्ट, मंद पेटला तर वस्तू ठीक, पेटलाच नाही तर कॉईल तुटलेली. गुरुजींचं यंत्र लावलं. बल्ब ढिम्म. मेकॅनिकने झाकण उघडून नाक आत घातलं आणि बाहेर काढलं. "कॉईल तं गेलीच. अन् ह्या कार्डावरचा ट्रायॅकही गेला. पहा, पोट फुटलं त्याचं."

ट्रायॅक म्हणजे तीन पायांचं काळं ढेकूळ. विजेच्या प्रत्येक लाटेचा हवा तेवढाच तुकडा पुढे सोडायचा आणि बाकीचा अडवायचा, हे त्याचं काम, आणि आपल्याकडची लाट सेकंदाला पन्नास वेळा येते. बीटी १३६ नावाचा ट्रायॅक कित्येक पंख्यांच्या रेग्युलेटरमध्ये असतो. तो मेकॅनिकच्या डब्यात खिळे आणि वायसरांबरोबर पडलेलाही होता. कॉईलचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा निघाला, कारण तोवर दुकानात माणसं जमली होती.

एकाने गिझरची कॉईल सुचवली. दुसऱ्याने इस्त्रीची. तिसऱ्याने शेगडीची स्प्रिंगसारखी कॉईल उचलली, हजार वॅटची. "अर्धी कापा ना! अर्धी कॉईल, अर्धी गरमी." गुरुजींनी तोंड उघडलं, पण मेकॅनिकने त्यांना सूत्र म्हणायची वेळच येऊ दिली नाही. "कापली का डबल लाल होते, बावा. शेगडी तुटल्यावर जोडून पाह्यली नाई का कधी?" ओहमचा नियम वर्गात जितक्या वर्षांत पोरांच्या गळी उतरला नव्हता, तितका तो इथे एका वाक्यात उतरला. लांबी निम्मी, रोध निम्मा, शक्ती दुप्पट. निकेल आणि क्रोमियमच्या या मिश्र तारेचं पेटंट अल्बर्ट मार्शने १९०६ साली अमेरिकेत घेतलं. ती लाल होऊनही जळत नाही म्हणून जगभरच्या शेगड्या, टोस्टर, इस्त्र्या तिच्यावर चालतात. मेकॅनिकने तशीच पातळ तार घेऊन अभ्रकाच्या पट्टीवर वेढे देत नवी कॉईल केली, २३० व्होल्टला दोनशे वॅट देणारी. अंगठ्याने वेढे सारखे करत, मीटरवर ओहम बघत, अडीचशेच्या थोडं वर येईपर्यंत. एवढं नाजूक काम तो पायाने पंखा सरकवत करत होता.

कॉईल झाली. आता तिला आवरायचं कोणी? दुकानात तयार होता पंख्याचा रेग्युलेटर. लावला. एकवर काही नाही, दोनवर काही नाही, तीनवर गुरुजींनी बोट लावून पाहिलं. चारवर कॉईल कोमट झाली. पाचवर ती भक्कन लाल झाली आणि जाळीतल्या ओव्याची राख झाली.

यात रेग्युलेटरचा दोष नाही. हल्लीच्या पायरीपायरीच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात आणि त्यांचा हिशेब सत्तर-पंचाहत्तर वॅटच्या पंख्यासाठी बसवलेला असतो. कॉईलसारखं भुकेलं गिऱ्हाईक आलं की ते चारपर्यंत हात आखडतात, आणि पाचवर तर कपॅसिटर मध्ये नसतोच, वीज थेट जाते. "चारवर कोमट, पाचवर होळी," मेकॅनिकने निकाल दिला. "याले डिमर लागन. यवतमाळले भेटते."

दारव्हा ते यवतमाळ अंतर चाळीसेक किलोमीटर. पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला एसटीत तेवढं पुरेसं असतं. शेजारच्याने पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "फवारणीचा पंप का?" मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, कुकरचं आहे. कंडक्टरला तो मिक्सर वाटला. गुरुजींनी ओवा, सिनिऑल, ट्रायॅक असं सगळं सांगितलं. डबाभर माणसं ऐकून गप्प झाली आणि मग एका आजोबांनी विषय शकुंतला रेल्वेवर नेला. दारव्ह्याच्या बाजूला बिघडलेल्या यंत्राची कोणतीही गोष्ट शेवटी शकुंतलेवरच येते.

आणि ते रास्तही आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची लाईन ११३ किलोमीटरची, मध्ये दारव्हा मोतीबाग. ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर काढायला ती घातली. देशभरच्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी ही खासगी मालकीची राहिली, सरकार गाडी चालवायचं आणि लाईन कंपनीची. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ ते १९९४ राबलं. १५ एप्रिल १९९४ ला डिझेल आलं. मँचेस्टरहून सुटे भाग यायची वाट बघणारं इंजिन सत्तर वर्षं चालत नाही. ते कोणीतरी इथल्याइथे ठोकून, कातून, घासून चालवत असतं. दारव्ह्याहून पुसदला जाणारा फाटाही होता, तो उखडला गेला. आता शकुंतलाही थांबली आहे आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचं काम सुरू आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. आजोबांचं म्हणणं एवढंच, की वाफेचं यंत्र म्हटलं की दारव्ह्याला घाई करून चालत नाही.

यवतमाळच्या दत्त चौकाजवळ डिमर मिळाला. तिथल्या दुकानदाराने आधी स्टॅबिलायझर दाखवला, मग डिमरस्टॅट, जो हवा तो व्होल्ट देतो पण जो उचलायला दोन्ही हात लागतात. डिमर मात्र साधा, गोल बटणाचा, बल्ब मंद करायचा. तो कॉईलवर उत्तम चालला. गुरुजी दुकानातल्या दुकानात आनंदले आणि लगेच विचारात पडले. डिमरला फक्त वीज कमी-जास्त करता येते. कॉईल किती तापली हे त्याला कळत नाही. पंख्याची झुळूक आली की १५०, दार लावलं की २२०. त्याला सांगायला कोणीतरी आत बसवायला हवं होतं.

"थर्मोकपल म्हणता तुम्ही," दुकानदार म्हणाला. "नागपूर."

नागपूर म्हणजे सीताबर्डी. कळंबचा चिंतामणी मागे टाकून, देवळी, वर्धा, बुटीबोरी करत गुरुजी बर्डीवर उतरले, तेव्हा ऊन असं होतं की यंत्र नुसतं फुटपाथवर ठेवलं असतं तरी पुष्कळ काम झालं असतं. तिथल्या मोदी नावाच्या गल्ल्यांमध्ये मोबाईलच्या काचांपासून डिशच्या रिमोटपर्यंत सगळं मिळतं. तापमानाचा कंट्रोलर म्हणताच दुकानदाराने बोटभर लांबीचं, लाल आकड्यांचं कार्ड पुढे केलं. अंडी उबवायच्या पेटीसाठी सर्रास जातं ते. अंड्याला साडेसदतीस अंश पुरतात. कार्डाची मर्यादा ११० अंश. ओव्याची पिल्लं काढायची असती तर भागलं असतं. मग त्याने पॅकिंग मशीनवाले नेतात तो डबा काढला: पुढे आकडे, मागे के टाईपच्या थर्मोकपलच्या दोन तारा, सोबत सॉलिड स्टेट रिले. दोनशे वॅटची कॉईल एक अँपिअरही ओढत नाही. रिले चाळीस अँपिअरची होती. "लहान ठेवतच नाही काका, कोणी घेत नाही."

सगळा संसार काउंटरवर मांडून झाल्यावर दुकानदाराच्या पोराने यंत्र हातात घेतलं, फिरवून बघितलं, गुरुजींकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"काका, यात टाकता काय?"

"ओवा."

पोराने एवढा आदर चेहऱ्यावर आणला की गुरुजींना संशय आला. तेव्हा त्यांना कळलं की या जातीच्या यंत्रांचा मोठा भाऊ जर्मनीतला. शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध असलेल्या टुटलिंगेन गावात स्टोर्झ आणि बिकेल यांनी 'व्होल्कॅनो' नावाचं टेबलावरचं यंत्र २००० साली बाजारात आणलं. त्यातली वाफ फुग्यात भरून घेतात आणि जाळीत जे ठेवतात ते बहुतेकदा ओवा नसतं. जर्मनीने प्रौढांना ते थोडंफार जवळ ठेवायची मुभा १ एप्रिल २०२४ ला दिली. आपल्याकडे गांजाला १९८५ चा कायदा आहे.

पण ओवा तर ओवाच? त्यालाही उत्तर होतं. ई-सिगारेटबंदीच्या २०१९ च्या कायद्यातली व्याख्या फार रुंद आहे: पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, निकोटिन असो वा नसो, नाव कोणतंही, आकार कोणताही. औषध कायद्याखाली परवाना असलेली उत्पादनं तेवढी वगळली आहेत. आयात बंद, विक्री बंद, वाहतूक बंद, आणि वस्तू अख्खी असो की तिचा एखादा भाग. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ओव्याच्या डब्याला हे लागू होतं की नाही यावर वकील वाद घालू शकतील, पण गुरुजींनी यादीतला 'वाहतूक' हा शब्द ऐकला आणि अर्धी एसटी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. सगळ्यांना त्यांनी स्वतःहून, आकृतीसकट, समजावून सांगितलं होतं.

कंट्रोलर काउंटरवरच राहिला. यंत्राचं टरफल पोराने भंगारात घेतलं. कॉईल गुरुजींनी ठेवून घेतली, कारण तिचे वेढे फार सुरेख होते.

दारव्ह्याला आल्यावर औषधाच्या दुकानातून त्यांनी प्लॅस्टिकचं वाफारा यंत्र आणलं. करोनाच्या साथीत गावोगाव घुसलेलं तेच. यातल्या काही यंत्रांत कॉईलच नसते. पाण्यात दोन पट्ट्या बुडालेल्या असतात आणि वीज थेट पाण्यातून जाते, पाणीच कॉईल. म्हणूनच प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नसतं. डॉक्टरांनीही बजावलं, की वाफेने सर्दी बरी होते असा भक्कम पुरावा नाही, बरं वाटलं तर घ्या, पण नातवंडांपासून लांब. उकळत्या पाण्याने पोरं भाजल्याच्या केसेस त्यांनी पाहिलेल्या होत्या.

घरी यंत्रात आरओचं पाणी भरलं. अर्धा तास गेला तरी वाफ नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं: चिमूटभर मीठ घाला. काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, ते वाचलं नाही. त्यांनी आरओ ओतून टाकलं आणि बोअरचं पाणी भरलं. दारव्ह्याच्या त्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. यंत्राने मात्र क्षणात उकळी घेतली आणि घरातले दिवे किंचित मिणमिणले. क्षार जास्त, रोध कमी, प्रवाह जास्त. गुरुजी उठले. त्यांनी वाटी घेतली. एक वाटी बोअर, तीन वाट्या आरओ: मंद. दोन-दोन: बरी. त्यापुढे फ्यूज.

रविवारी भाच्याचा फोन आला. "मामा, पावर कंट्रोल भेटला का मग?"

"भेटला. बोअर."

भाच्याने कागद-पेन घेतलं आणि कंपनीचं स्पेलिंग विचारलं.